तिसऱ्या खिडकीखालचा दगड

माय, आपल्या गावातलं नगरपालिकेचं जुनं सभागृह पाडलं. ही बातमी तुझ्यापर्यंत न्यायला आता कुणी उरलेलं नाही. तुझ्या वयाच्या सगळ्या बाया गेल्या. म्हणून मीच लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. मी पेपर वाचून दाखवायला लागले की तू म्हणायचीस, ‘दमानं वाच, मी का कुठी पळून चालली?’ तसंच दमानं सांगते.

ते सभागृह तुला आठवायला सांगायची गरज नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाजाराच्या टोकाला, बसस्टँडच्या अलीकडे. इंग्रजांच्या काळात गावातल्या कापसाच्या जिनवाल्या शेठ लोकांनी वर्गणी काढून बांधलेलं. वर कौलं, उंच लाकडी खिडक्या, आणि भिंतींच्या बुडाला चारी बाजूंनी हातभर बाहेर आलेलं काळ्या दगडाचं जोतं. आत खुर्च्या, बाहेर जोतं. तुझी माय त्या जोत्यावर बसायची, कारण तिला आत येऊ देत नव्हते. तुला कुणी अडवत नव्हतं. तोवर आपण दीक्षा घेतली होती, नगरपालिकेत आपला माणूस निवडून गेला होता, जयंतीची सभाच मुळी त्या सभागृहात व्हायची. तरी तू रस्त्याच्या बाजूला, तिसऱ्या खिडकीखाली. त्या खिडकीचं एक दार नीट लागत नसे, म्हणून तुझी तीच जागा. का बसतेस बाहेर, असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, ‘आत गरम होते.’

मी सातवीत आहे. तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा आहे. तू जिनातून थेट आलेली, केसांत कापसाचे तंतू, हातात जेवणाचा रिकामा डबा. मी मंचावर चढते आणि तुला खुर्च्यांमध्ये शोधते. पुढच्या रांगेत इस्त्रीच्या साड्या आहेत, शिक्षक आहेत, दुकानदारांच्या बायका आहेत. तू नाहीस. मग तिसऱ्या खिडकीच्या फटीत तुझ्या लुगड्याचा हिरवा काठ दिसतो, आणि मी आवाज चढवते. तो आवाज पुन्हा कधी खाली आलाच नाही. पुढे गावोगावच्या सभांत लोक म्हणाले, बाईच्या तोंडात आग आहे. पेपरांनी तसंच छापलं. मी ते मान्यही करून टाकलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं. खरं एवढंच की तू बाहेर बसली होतीस आणि बाहेरच्या रस्त्यावर एसट्या चालू होत्या.

घरी आल्यावर चुलीपुढे बसून तू मलाच बोललीस.

‘एवढ्या जोरानं काऊन बोल्ली? मले ऐकू येत होतं ना.’

‘तू बाहेर होती.’

‘बाहेर होती, बहिरी थोडी झाल्ती. पहिला नंबर कोणाले भेटला?’

‘मले.’

‘मंग पाणी पे. घसा बसन.’

कॉलेजात शिकवायला लागल्यावर मला तुझं बाहेर बसणं सहन होईना. एका जयंतीला मी प्रमुख वक्ती होते. बोलता बोलता थांबले, मंचावरून उतरले, बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तुझा हात धरून तुला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. तू खुर्चीच्या अगदी कडेला, पाठ न टेकता, परीक्षेला बसल्यासारखी बसली होतीस. पुढच्या वर्षी पुन्हा तिसऱ्या खिडकीखाली. मी चिडले. तू परातीत भाकरी थापत म्हणालीस, ‘खुर्चीवर बसलं का तुह्याकडं पाहा लागते, पोरी. बाहेर बसलं का ऐकता येते.’

मी पुष्कळ वाचलेलं आहे, माय. माणसाला दाराबाहेर ठेवण्याच्या सगळ्या तऱ्हा मी पुस्तकांतून आणि अंगावरून शिकले. पण तुझ्या या वाक्याचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. ते जोतं म्हणजे अपमान, असं मी शेकडो वेळा बोलले आणि आजही बोलेन. आणि त्याच जोत्यावर तू तुझी जागा केली होतीस, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच भाषणात कशा सांगायच्या, ते जमलं नाही.

ते न जमल्याचा फटका बसला. यंदा नगरपालिकेने ठरवलं की सभागृह पाडून तिथे दुमजली व्यापारी संकुल बांधायचं. हरकतींच्या सुनावणीला मी गेले. बांधकामाचं पाहणारा नगरसेवक माझाच जुना विद्यार्थी, नम्र पोरगा, उठून उभा राहून बोलतो. मी इतिहास सांगितला, इमारत मजबूत आहे असं सांगितलं, गावाला सगळ्यांनी मिळून बसायला दुसरी जागा नाही असं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, ‘मॅडम, तुमीच शिकवलं ना आमाले, इथं तुमच्या लोकायले बाहेर बसवत होते म्हणून? मंग अशी इमारत काऊन ठेवाव? पडू द्या ना. तुमीच तर खुश झाल्या पाह्यजे.’

मागून कुणी हसलं. ‘मॅडमले मॅडमच्याच धड्यात पकडलं.’

तीस वर्षं मी माइकपुढे उभी आहे. लोकांनी दगड मारले तेव्हा बोलले, माइकची वायर कापली तेव्हा बोलले. त्या दिवशी मला शब्द सापडला नाही. माझी माय तिथे बसायची, हे म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, बाहेरच ना? आणि तो बरोबर असता. मी पाणी प्यायले आणि खाली बसले.

त्यानंतर जर्मनीला गेले. तुझी नात, माझी लेक, तिथे एका दवाखान्यात नर्स आहे, तुझ्याच तोंडवळ्याची, तुझ्याच फटकळ जिभेची. सुट्टीच्या दिवशी ती मला तिथलं जुनं नगरभवन दाखवायला घेऊन गेली. आपल्या सभागृहासारखंच, म्हणजे गावाच्या कारभाराचं घर, फक्त कितीतरी जुनं आणि मोठं. महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले होते. दारात त्याचा तेव्हाचा फोटो लावलेला. नुसत्या भिंती उभ्या, छप्पर नाही, खिडक्यांच्या भोकांतून आभाळ दिसतंय. आणि फोटोच्या बाजूला तीच इमारत, धडधाकट, तशीच्या तशी. मी कधी फोटो पाहायची, कधी भिंत.

दाखवायला एक म्हातारी बाई होती, तुझ्याहून बरीच उंच, निवृत्त शिक्षिका. ती जर्मनमध्ये सांगायची, नात मला मराठीत. म्हातारीने भिंतीला हात लावून दाखवलं, काळपट दगड जुने, आगीतले. फिकट दगड नव्याने घडवलेले. गावातल्या बायांनी ढिगाऱ्यातून दगड उपसले, हातोहात पुढे दिले, साफ केले, आणि जे ओळखू आले ते आपापल्या जागी परत बसवले. जिथे कळेना तिथे लोकांनी घरातून लग्नांचे फोटो आणून दिले. पायऱ्यांवर काढलेले, दारात काढलेले. त्यावरून गवंड्यांनी नक्षी उतरवली.

समोर रस्त्यावर झुकलेला एक सज्जा होता. त्यात लाल फुलांच्या कुंड्या. मी सहज म्हटलं, छान आहे. म्हातारीने सज्जाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, युद्धाआधी त्या सज्ज्यातून भाषणं झाली होती. कोणाला या गावात राहू द्यायचं नाही, त्याची भाषणं. तिचे वडील खाली रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. इमारत पुन्हा बांधताना सज्जा बांधावा की नाही यावर गावात फार मोठं भांडण झालं. शेवटी बांधला. आता तिथून कुणालाही बोलू देत नाहीत. सज्जा आहे, फक्त फुलं ठेवतात, आणि मुलांना आणून दाखवतात की हा तो सज्जा.

मी नातीला म्हटलं, ‘हिले विचार, पाडला असता तर काय झालं असतं?’

‘आई, इथं भाषण नको देऊ हं.’

‘विचार तर.’

म्हातारीने उत्तर दिलं, नातीने सांगितलं, ‘त्या म्हणतात, मग माझे वडील कुठे उभे होते ते मला दाखवता आलं नसतं.’

माय, सुनावणीत मला हवं होतं ते उत्तर हे. परक्या गावात, परक्या भाषेतून, महिनाभर उशिरा मिळालं. मी तिथेच ठरवलं की परत गेले की पुन्हा अर्ज टाकायचा, पुन्हा उभं राहायचं, आणि यावेळी तुझ्यापासून सुरुवात करायची. म्हणायचं, हो, बाहेरच बसायची माझी माय, म्हणूनच ही भिंत राहू द्या. नाहीतर उद्या मुलं विचारतील, कुठे, तर मी बोट कशाकडे दाखवू?

नगरभवनाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दोघी डब्यातली पोळी खात होतो, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ आला. कॉलेजातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने पाठवला होता. जेसीबीचा पंजा रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत घुसतो आहे, कौलं घसरतात, धूळ उठते, आणि कुणीतरी मागून ओरडतं, ‘अबे बाजूले हो, बाजूले हो.’ धूळ बसते तेव्हा तिसरी खिडकी नाही. तिथे बॉम्ब पडले म्हणून पडलं. आपल्याकडे ठराव झाला म्हणून पडलं. ढिगारा मात्र दिसायला सारखाच असतो.

मी लगेच सहकाऱ्याला फोन लावला. म्हटलं, जोत्याचे दगड तरी थांबवा, तिसऱ्या खिडकीखालचे. तो बिचारा धावत गेला. तिथून बोलला, ‘मॅडम, ट्रकात भरून राह्यले. कोनता दगड म्हणता तुमी? सगळे सारखेच दिसते.’ मी त्याला सांगू शकले नाही. खिडकी होती तोवर खिडकीवरून सांगता येत होतं. नात माझ्याकडे पाहत होती. तिने फोन माझ्या हातून घेतला, बंद केला, आणि माझ्या मांडीवरचे पोळीचे तुकडे गोळा करून डब्यात भरले. तू असतीस तर तूही तेच केलं असतंस.

परत आल्यावर घरात शिरायच्या आधी मी तिथे गेले. पत्रे ठोकून जागा बंद केली आहे, त्यावर होणाऱ्या संकुलाचं रंगीत चित्र. चित्रातल्या माणसांना तोंडं नाहीत. दगड समुद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, नाल्याच्या कडेला टाकलेत असं कळलं. सहकारी त्याच्या मोटरसायकलवर मला घेऊन गेला. केवढा ढीग होता, माय. जोत्याचे, भिंतीचे, पायऱ्यांचे, सगळे एकात एक. तिकडे बायांनी ढिगाऱ्यातून दगड ओळखले होते, म्हणून मला वाटलं होतं, आपणही ओळखू. तू किती वर्षं बसलीस त्याच्यावर, काही गुळगुळीत झालं असेल, काही खूण असेल. मी एकेका दगडावरून हात फिरवला. मग बसून पाहिलं. एकावर, दुसऱ्यावर. सहकारी तोंड फिरवून उभा राहिला. ऊन चढलं होतं. नाल्यापलीकडे शेळ्या चारणाऱ्या म्हातारीने हाक मारली, ‘काय हरवलं वं बाई?’

मी म्हटलं, ‘काई नाई.’

‘मंग उन्हात काऊन बसून राह्यली?’

मी उठून पुढच्या दगडावर जाऊन बसले.

घरातले सगळे फोटो काढून पाहिले. त्या सभागृहातले माझे फोटो पुष्कळ आहेत, हार घातलेले, माइकपुढचे, हात वर केलेले. सगळे आतून काढलेले. बाहेरून, रस्त्याच्या बाजूने, कुणी एकही फोटो काढलेला नाही. काढणार तरी कोण? उद्या कुणी ते सभागृह पुन्हा बांधायचं म्हटलं, तर माझा मंच जसाच्या तसा बांधता येईल. तुझी जागा बांधता येणार नाही.

यंदाच्या जयंतीला सभा मंडप टाकून झाली. कापडाच्या मंडपाला खिडकी नसते. मी बोलायला उभी राहिले आणि आवाज कुठवर न्यायचा ते कळेना. लोक म्हणाले, मॅडम आता थकल्या.

एक सांगायचं राहिलं. त्या ढिगातला एक दगड मी घेऊन आले. दोन माणसं लावून ऑटोत घातला. अंगणात नळाजवळ ठेवला आहे, संध्याकाळी त्यावर बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, नातीलाही फोनवर दाखवून सांगितलं, हा तिसऱ्या खिडकीखालचा, माझ्या मायचा दगड. इतक्या ठामपणे सांगते की कुणी पुन्हा विचारत नाही. तो तुझा आहे की नाही, मला माहीत नाही, माय.