टँकरला दिलेली धडक

औसा, मे १९८३

तालमीतले माझे जुने जोडीदार व्यंकटी पैलवान यांस रामकिशनचा लई लई रामराम. वहिनी अन् लेकरंबाळं खुशाल असतील. तुझा डावा गुडघा कसा हाय? (तो मीच मोडला होता, म्हणून विचारायचा पहिला हक्क माझा.) इकडं पाऊस न्हाई, विहिरी तळाला गेल्या, गल्लीला तीन दिवसांतून एक टँकर. बाकी मजेत.

लातूर जिल्हा झालं हे तुला ठाऊकच हाय. जिल्हा झाला की जिल्ह्याच्या स्पर्धा आल्याच. आमच्या शाळेच्या मैदानावर कराट्याचे सामने ठेवले अन् जुना पैलवान म्हणून मला पाहुणा केलं. सगळे खेळाडू डोक्याला जाड टोप अन् छातीला गादी बांधून उभे! मला हसू आवरेना. माईक हातात आल्यावर मी बोलून गेलो, की आम्ही नुसत्या लंगोटावर लढलो, कुणाला काही झालं न्हाई. (तुझे दोन दात, माझा कान अन् माणिकप्पाचं नाक त्या घाईत आठवलं न्हाई.)

पंच होती तारामती, कलेक्टर कचेरीतली कारकून, पंचविशीची. पुढं येऊन म्हणाली, "जयभीम, काका. टोपानं मार कमी लागतो हे खरं हाय. पण टोप घातला की मानसाचं भ्याव जातंय, अन् मग ते आंधळ्यावानी घुसतंय. म्हणून आम्ही आधी बिनटोपाचं शिकवतो."

"मला न्हाई तसं होत," मी म्हणालो. "आण तो टोप."

व्यंकटी, टोप अन् गादी चढवली तसा मी वीस वर्षांचा झालो. ती समोर नुसती उभी होती. मी मुंडी खाली घालून रेड्यासारखा सुटलो. ती बाजूला सरली, टोप माझ्या डोळ्यांवर उतरला, अन् मैदानाच्या कडेला टँकर उभा होता त्यावर मी जाऊन आदळलो. डोक्याला खरचटलंसुद्धा न्हाई. खांद्याचं हाड मोडलं अन् टँकरची तोटी तुटली. (लोक धावले ते तोटीकडं.)

गल्लीचं पाणी धो धो वाहायला लागलं. तारामतीनं माझ्या छातीची गादी ओढून काढली, भोकावर दाबली अन् पाठ लावून उभी राहिली. "काका, बघून काय राहिलात, लावा पाठ!" मोडक्या खांद्यानं मीही लावली. बायांनी कडेनं गळणाऱ्या धारेखाली घागरी धरल्या. निम्मं पाणी वाचलं. तेव्हा गादीनं माणूस किती वाचतो ते तारामतीला विचार. टँकर वाचतो हे मी छातीठोक सांगतो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझा,
रामकिशन

ता. क. – वाहून गेलेलं निम्मं पाणी ज्यांच्या वाट्याचं होतं, त्यांत आमची कारभारीण साखराबाई रांगेत पहिली होती. चार दिवस बोलत न्हाई. महिनाभर तुझ्याकडं राहावं म्हणतो.

पुन्हा ता. क. – उत्तर औशाला धाडू नको. वर औसा लिहिलंय ते सवयीनं. मी तुझ्याच गावी, कंधारच्या स्टँडावर बसलोय अन् चिठ्ठी चहावाल्या मलप्पाच्या हाती देतोय. हात गळ्यात हाय, वळकटी उचलायला ये. वहिनींना मात्र आठच दिवस म्हणून सांग.