फोन लागत नाही

प्रिय मावशी,

खोटं बोलले की माझे कान लाल होतात, हे तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर इतके दिवस निभावलं.

तुझ्या अंडाशयातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा तिचा तुकडा आमच्याच प्रयोगशाळेत आला होता. गाठीतली कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती झोपलेली, यावरून आजार पुढे कुणाला किती छळेल हे संगणक शिकतोय. त्यासाठी त्या बायकांचं पुढे काय झालं ते कळायला हवं. फोन करून विचारायचं काम माझं.

तू जाऊन वर्ष झालं. डॉक्टरबाई तुझ्या क्रमांकावर बोट ठेवायच्या आणि मी म्हणायचे, "फोन लागत नाही." मग किती जणी अजून जिवंत आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात तुझ्या जागी एक बारीक उभी रेघ राहिली. तिचा अर्थ, इथपर्यंत बाई जिवंत होती, पुढचं माहीत नाही. फार जीव होता गं माझा त्या रेघेवर.

आज कळलं, तुझ्यासारखी जनुकं असलेल्या सातच जणी आहेत, आणि तू गेल्याचं ठाऊक नसल्यानं संगणक त्यांना कमी धोक्याच्या समजतो. त्यावरून तशाच आठव्या बाईचं औषध ठरायचं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती, शेजारी तिची भाची.

मी तू गेलीस ती तारीख भरली. आलेख एक पायरी खाली उतरला.

"लागला का एकदाचा फोन?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"लागला," मी म्हटलं.

तुझी,
लाल कानांची