साहेबरावांना आलेलं स्थळ

मुकुंदवाडी, औरंगाबाद
६ मे २०१६

तीर्थरूप खंडेराव मामांना संध्याचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामी एरंडाच्या पानांनी शेकतात ते बंद करू नका. पिशोरच्या विहिरीनं तळ दाखवला असं ऐकलं. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, तेव्हा या बाबतीत तरी गाव आणि शहर एका पंगतीत बसलेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन आला की तुम्ही स्पीकर लावून तो पारावर ठेवता, आणि आजचा मजकूर पाराला ऐकवण्यासारखा नाही.

तुमचा निरोप परवा फोनवर मिळाला. "बिरूबांना मुलगा पसंत आहे" एवढं ऐकून मी साखर आणायला उठलेसुद्धा. मग तुम्ही पुढचं वाक्य म्हणालात, की पुढं पळत होता तो नव्हे, मागं उभा होता तो. मामा, पुढं पळत होता तो आपला अंगद, माझा धाकटा दीर. मागं उभे होते ते साहेबराव. म्हणजे तुमचे भाचेजावई. म्हणजे माझा नवरा.

हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते, कारण दोष माझा आहे, आणि थोडक्यात लिहिला तर तो फारच उघडा दिसेल. अंगद आणि अक्षदा एकमेकांना पसंत आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हीच मध्यस्थ. अडलं होतं ते फक्त तिच्या आजोबांच्या, जन्मभर मेंढरं राखलेल्या बिरूबांच्या होकारावर. त्यांचं म्हणणं, पोहे खाताना सगळीच पोरं गुणाची दिसतात, पोरगा कामावर बघायचा. आता अंगदचं काम चिकलठाण्याच्या कंपनीत. तिथं गेटवरचा वॉचमन मलासुद्धा आत सोडत नाही. म्हणून मी म्हटलं, रविवारी फुटबॉलची मॅच आहे, तिथं बघा. (माझ्या डोक्यात अशा कल्पना येतात तेव्हा मला कोणी अडवत का नाही, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे.)

आमचं मैदान तुम्ही पाहिलेलं नाही. पूर्वी ती ज्वारीची जमीन होती, आता प्लॉट पडलेत. दर दोन-चार महिन्यांनी एक प्लॉट विकला जातो आणि मैदान तेवढं लहान होतं. डावी कड गेल्या दिवाळीत गेली, त्यामुळे डावीकडून पळणारा खेळाडू आता आमच्या टीममध्ये नाहीच. एक गोल अर्धवट बिल्डिंगच्या दोन खांबांमध्ये आहे. अंगद बॅकला खेळतो, म्हणजे मागं राहून गोल वाचवायचा. त्याची खरी जागा कोणती यावर इथं दोन पक्ष आहेत. एसटीतून निवृत्त झालेले आप्पासाहेब म्हणतात, पोरगं पुढं पाहिजे, त्याला मागं ठेवणं म्हणजे गाडी डेपोतच झिजवणं. बद्रीनाथ (हा टँकर चालवतो आणि टीमचा कोचही तोच) म्हणतो, पुढं जायला दम लागतो, याचा दम टाकीच्या पाण्यावाणी, दिसतो लई, पुरत नाय. गेले सहा महिने पाण्याच्या रांगेत आम्ही बायकाही हंडे ठेवून यावर मत देतो.

तर मला वाटलं, पाहुण्यांसमोर पोरगा मागं नुसता उभा राहिलेला बरा दिसणार नाही. मी बद्रीनाथला गळ घातली, एका दिवसापुरतं अंगदला पुढं घे. आप्पासाहेबांनी माझी बाजू उचलली आणि तो हो म्हणाला. अंगदच्या जागी बन्सी खेळणार होता, पण तो ऐनवेळी अजिंठ्याला लग्नाला निघून गेला. साहेबराव पाहुण्यांसाठी पाण्याचा जार घेऊन आले होते. बद्रीनाथनं जार खाली उतरवला आणि त्यांना बॅकला उभं केलं. वय सेहेचाळीस, अंगात बन्सीची जर्सी, ती पोटावर येऊन थांबलेली.

अंगदचं काय झालं ते विचारू नका. ताकद यावी म्हणून सकाळी मीच त्याला तुपातला शिरा दोनदा वाढला होता. मांडव घालायच्या आधी पोचलेल्या पाहुण्यासारखा तो पुढं एकटाच उभा. बॉल आला की सवयीनं मागं वळून आपल्याच गोलकडं पळे. विसाव्या मिनिटाला आप्पासाहेब उठले आणि म्हणाले की मी त्याला पुढं घ्या कधी म्हटलंच नव्हतं.

साहेबराव मात्र जागचे फारसे हललेच नाहीत. हातवारे करून पोरांना, तू इकडं ये, तू त्याच्या मागं राहा, एवढंच. बॉल यायच्या आधी दोन पावलं सरकून उभे राहायचे आणि बॉल आपसूक त्यांच्या पायात. समोरच्या टीमचा एक पोरगा लंगडायला लागला तर त्यालाही धरून सावलीत नेऊन बसवलं. (तेवढ्यात आमच्यावर एक गोल झाला.)

आता माझा दोष. अक्षदाची आजी गोजरबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडं अक्षदा. त्यांनी विचारलं, "ह्यो मागचा कोण गं?" मी साहेबरावांच्या पोटाकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "असेच, कॉलनीतले." त्या म्हणाल्या, "घरी कोण कोण हाय त्याच्या?" मी म्हणाले, "काय माहीत, बाई."

मामा, बावीस वर्षं.

बिरूबांच्या डोळ्यात मोतीबिंदू, मैदानात धूळ, आणि धुळीत लांबून सगळेच पंचविशीतले दिसतात. निघताना ते काठी टेकून एवढंच बोलले, "पुढं काय, बोकड बी चालतं. मागं माणूस लागतो. लंगडं मेंढरू मागं, कालचं कोकरू मागं, लांडगा येतो त्यो बी मागूनच." मला वाटलं म्हातारा मेंढरांचं बोलतोय. मी हसून मान डोलावली.

तेव्हा तुम्ही सावकाशीनं बिरूबांना खरं काय ते सांगावं. हवं तर असंही सांगा, की त्या मागच्या माणसाला साखरेचा त्रास आहे आणि तो घोरतो. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
संध्या

ता. क. वरचं पत्र पाकिटात घालत होते तोच अक्षदाचा फोन आला. आजोबांची पसंती ऐकून ती इतकी हसली म्हणे, की आजीनं तिला पाणी पाजलं. तिला सगळं त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाली, "ताई, मधल्या सुट्टीत ते पाणी प्यायला आले, तवा तुम्ही त्यांच्या तोंडाकडं न बघता तांब्या पुढं केला. तसा बाई नवऱ्यालाच देती." मीही हसले. मग ती म्हणाली, "मी त्या घरात आले, अन् एखाद्या दिवशी मी बी बरी दिसले नाय, तर मला बी कॉलनीतली म्हणाल का?" तेव्हा मामा, बिरूबांचं नंतर. मला अक्षदाची गाठ घालून द्या. पंधरा तारखेच्या मॅचला सगळ्यांना घेऊन या, जीपचं मी बघते. अंगद बॅकलाच खेळेल. आणि गोजरबाईंनी विचारायच्या आधीच मी उभी राहून सांगणार आहे की जार घेऊन येताहेत ते आमचे हे.

ता. क. २. साखर आणि घोरणं खोडायचं राहिलं. ते वाचून दाखवू नका.

ता. क. ३. साहेबरावांना मी काल सगळं सांगितलं, 'कॉलनीतले'सकट. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बिरूबा नेमकं काय म्हणाले, परत सांग." मी चार वेळा सांगितलं. पंधरा तारखेला ते खेळणार नाहीत, गुडघा सुजलाय. पण बन्सीची जर्सी अजून परत दिलेली नाही, दाराआड टांगून ठेवलीय. आज आठव्या दिवशी नळ आला. पहिली बादली प्यायला भरतात. मी तिच्यात जर्सी धुतली.