माझं मशीन आणि ताईची पाटी

४ मार्च, शनिवार
ताईचा फोन. म्हणे, आईच्या न्याहारीच्या दुकानात ऑर्डरी घ्यायला टॅबलेट आणूया. मला! तैपेईच्या मार्केटमध्ये अकरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला! आईच्या काउंटरवर मी स्वतः जोडलेलं मशीन आहे. प्रोग्रॅमही माझा. सेहेचाळीस सेटिंग्ज. तिखटाच्या पाच पातळ्या. टॅबलेट म्हणजे पाटी. अंड्याच्या पोळीचं चित्र, त्यावर बोट, संपलं. आत काय चाललंय ते बघायला साधा स्क्रूसुद्धा नाही. ताईला म्हटलं, ज्याच्यावर आपली सत्ता नाही ते आपलं नाही. ती म्हणाली, "आईला सत्ता नकोय रे, सकाळी सहाला प्रिंटर चालू हवाय."
लगेच आईला विचारलं. म्हणाली, "मला बाई तुझंच मशीन बरं." संपला विषय.

७ मार्च
आईचा फोन. प्रिंटर अडकला. चाळीस मिनिटं समजावलं. मध्येच विचारलं, मशीनवर हिरवं पाकीट आहे ना? मक्याच्या खाऊचं. आमच्या धंद्यात सगळेच ठेवतात, मशीन गुणी राहतं. पाकीट फोडायचं नाही, तारीख उलटू द्यायची नाही. मी अंधश्रद्धाळू नाही. पण शेजारच्या गाळ्यातल्या वेइ-थिंगने एकदा पिवळं ठेवलं आणि दुपारपर्यंत हार्ड डिस्क गेली.
आई म्हणाली, "आहे रे आ-खुन, ताजं आहे. तू जेवलास का?"

११ मार्च
संकल्प.
एक: पितरांच्या सणाला, छिंगमिंगच्या सुट्टीत, लुगांगला आईकडे जाईन तेव्हा प्रोग्रॅमची नवी व्हर्जन नेणार.
दोन: आईला एकही फोन करायची वेळ येणार नाही असं करणार.
तीन: व्यायाम.

१६ मार्च
सेटिंग्ज एकाहत्तर झाल्या. मुळ्याच्या वडीचा करपटपणा आता टक्क्यांत सांगता येतो. वेइ-थिंगला दाखवलं. म्हणाला, "तुझी आई वड्या तळते की रॉकेट सोडते?" जळतो.
आईचा फोन. माउस हलत नाही.

२४ मार्च
व्हर्जन चालू होत नाहीये. माझी चूक नाही, एकाहत्तरपैकी दोन सेटिंग्ज आपसात भांडतात. कुठल्या, ते शोधतोय. व्यायाम पुढच्या महिन्यापासून.
आईचा फोन. स्क्रीन "निळसर" दिसते. आवाज मात्र अगदी खुशीत. माझ्यावर विश्वास आहे, म्हणून.

२ एप्रिल, रविवार, सकाळी ६:१०, लुगांग
काल उशिरा पोचलो, दुकान आज बघितलं.
पाटी!
काउंटरवर मधोमध, स्टँडवर. आई बोटाने टकटक करतेय. अंडं, अंडं, सोयाबीनचं दूध, पुढचा. डोळेसुद्धा वर करत नाही.
माझं मशीन खाली, तांदळाच्या पिठाच्या पोत्यामागे. वायर काढलेली. त्या प्लगमध्ये पाटीचा चार्जर. मशीनवरच्या हिरव्या पाकिटाची संपायची तारीख: ८ फेब्रुवारी. पाटीशेजारी दुसरं पाकीट, करकरीत, नोव्हेंबरपर्यंतचं.
माझ्या मशीनचा खाऊ पाटीला!

६:५०
शांतपणे वागायचं ठरवलं. फक्त पाटीत शिरून आईला दाखवणार होतो की ही वस्तू किती बंदिस्त आहे. ताईने असा काही बंदोबस्त केलाय की ऑर्डरींच्या बाहेर जाताच येत नाही. पिन मागते. आईला विचारलं. "तुला नाही सांगणार," म्हणाली. स्वतःच्या मुलाला! सहा अंदाज केले. पाटी लॉक. दारात सतरा माणसं. रिक्षावाले लियाओकाका ओरडले, "आ-खुन आलाय वाटतं!" सगळे हसले. का, कळलं नाही.
तरी मुद्दा सिद्ध झाला: एक चूक आणि आख्खी पाटी ठप्प. आईने मग कान पुढे करून सगळ्या ऑर्डरी तोंडीच घेतल्या. एकही चुकली नाही.

८:००
ताई आली. दोन मिनिटांत पाटी चालू. मला म्हणाली, "हात मागे बांधून उभा राहा."

३ एप्रिल
दुरुस्त्यांची वही काढली. पाकीट ८ फेब्रुवारीला बदललं नाही, म्हणजे मशीन तेव्हापासूनच बंद; ताईचा मार्चमधला फोन नुसता अंदाज घ्यायला. ८ फेब्रुवारीपासून आईने कळवलेले बिघाड मोजले: एकोणीस. प्लग नसलेल्या मशीनचे! मी एकोणीसही दुरुस्त केले!! प्रत्येकापुढे बरोबरची खूण आहे.
वही आईपुढे धरली. हे काय आहे, विचारलं. ती पोळी उलटत राहिली. ताईच बोलली: "बिघडलंय म्हटल्याशिवाय तू फोन उचलतोस का रे? नुसतं 'कसा आहेस' म्हटलं तर 'आई, गिऱ्हाईक आहे' म्हणून ठेवतोस."
मुद्दा भरकटवायची ताईची जुनी सवय. विषय टॅबलेटचा चाललाय.
आईने पोळी माझ्या ताटात वाढली. वर दोन अंडी. खाल्ली नाही. मग खाल्ली.

५ एप्रिल
बाबांच्या थडग्यावरचं गवत काढलं. आईशी बोललो नाही. तीही नाही. परतीच्या बसमध्ये ठरवलं: यापुढे सपोर्ट बंद. कायमचा.

९ एप्रिल
फोन नाही. उत्तम. वेळच वेळ.

१३ एप्रिल
फोन नाही. फोनची बॅटरी तपासली. रेंज तपासली. वेइ-थिंगला मला एक फोन करून बघायला सांगितलं. वाजतो.

१७ एप्रिल, दुपारी ३:२०
आईचा फोन. मशीन चालत नाही म्हणाली.
मी वही उघडली नाही.
मग म्हणाली, "हिरवा दिवा लुकलुकतोय रे."
त्या मशीनला हिरवा दिवा नाही.
थांब म्हटलं, वही घेतो. गिऱ्हाईकाला बाहेर बसवलं. बावन्न मिनिटं लागली. अवघड बिघाड होता. बाबांच्या सायकलच्या आठवणींपासून सुरुवात करावी लागली.
नोंद: पुढच्या व्हर्जनमध्ये हिरवा दिवा टाकायचा.