विटनेस म्हणजे कोण

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. आज पहिल्यांदाच लिहिते आहे, कारण मी घाबरले आहे, आणि ही भीती तुमच्या ओळखीची आहे.

मलकापूर स्टेशनावर तुम्ही पार्सल क्लार्क होता. वेटिंग रूममध्ये प्रवासी विसरून गेलेल्या इंग्रजी रहस्यकथा कोणी मागायला आलं नाही की तुम्ही घरी आणायचात. आई भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून मला एकेक शब्द विचारता आहात. मोटिव्ह. सस्पेक्ट. पॉयझन.

"विटनेस म्हंजे?"

"साक्षीदार."

"हे पाठ केलं तू. विटनेस म्हंजे ज्यानं पाह्यलं आन् सांगतलं तो. नुसतं पाह्यलं तो नाही."

मी तेरा वर्षांची असताना शेजारची सून गेली. दम लागला म्हणे. आई तिला शेवटची आंघोळ घालायला गेली, तिच्यामागे मी. सुनेच्या मनगटांवर बोटांचे निळे वळ होते आणि तोंडाला कपाशीवर फवारायच्या औषधाचा वास. धावत येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही आधी दार लावलंत.

"तू काही पाह्यलं नाही. समजलं? आपल्याले इथंच राहा लागते."

मग तुम्ही दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिलीत. त्यानंतर घरात एकही पुस्तक आलं नाही. मनातल्या मनात मी तुम्हाला कितीतरी वर्षं भित्रे म्हणत आले. पण त्या दिवशी तुम्ही गप्प बसवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं.

आता मी जळगाव जामोदला दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीच्या आधी एका दुपारी एक तरुण बाई आली. सासू म्हणाली, "पाणी समजून पेली." तोच वास, तसेच वळ. शुद्धीवर आल्यावर तिनं माझा हात पकडला. "मी नाही पेली, सिस्टर. मले धरून पाजलं." मी डॉक्टरांना बोलावलं, पोलिसांना जबाब दिला. ती वाचली, माहेरी गेली.

पण तिचा दीर अधूनमधून दवाखान्याच्या फाटकाशी उभा असतो. काही करत नाही. एकदाच बोलला, तेही हळू आवाजात. "सिस्टर, तुमची पोरगी कोन्त्या शाळेत जाते?" तेव्हापासून मुलीला शाळेत न्यायला-आणायला मीच जाते. मागून गाडीचा आवाज आला की तिचा हात इतका आवळते की ती म्हणते, आई, दुखते.

काल कोर्टाचं समन्स आलं. साक्षीला जायचं आहे. दवाखान्यात सगळ्यांना सांगते आहे की मी जाणार. हे पत्र तर कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, म्हणून इथे लिहिते: समन्स मी अजून नवऱ्याला दाखवलेलं नाही. जाऊ नको म्हणतील, ते मला माहीत आहे. मी त्यांचं ऐकेन, याची भीती वाटते.