डावी पापणी

३ मार्च, मंगळवार
एकेचाळीस दिवस झाले. नेरेइदाचा पत्ता नाही. सकाळी चायो आणि मी तोर्रेओनच्या बाजारात तिच्या फोटोची पत्रकं चिकटवली. दुपारी बघते तर माझ्या लेकीच्या तोंडावर गाद्यांच्या सेलची जाहिरात! नखांनी खरवडून काढली.

चायो नऊ वर्षं मुलाला शोधतेय. तिला यातलं कळतं. म्हणाली, कागद कोण बघतं आता? फोनवर बघतात, आणि काही हललं तरच थांबतात. "फोटो हलता कर, देल्फिना." मेलं, फोटो कसा हलवायचा?

४ मार्च
शिकवलं तिने. एकाच फोटोच्या तीन प्रती. पहिलीत डोळे उघडे, दुसरीत पापण्या अर्ध्या, तिसरीत मिटलेल्या. मग तिन्ही एकामागोमाग फिरवत राहायच्या. बस! पण पापणी रंगवायची बोटाने, फोनच्या काचेवर, गालाचाच रंग उचलून. जन्मभर नवऱ्यामुलींच्या झग्यांना मणी लावले, हात चुकला नाही. आज अकरा वेळा पुसलं.

फोटो लग्नाआधीचा. गोर्दिता, भरलेली मक्याची जाड भाकरी, खातेय, ओठाला चटणी लागलीय.

तिसरी प्रत करताना रडू फुटलं. लेकीचे डोळे मीच मिटतेय — असं वाटलं. चायोने फोनच काढून घेतला.

६ मार्च
जमलं! मिटतात, उघडतात. नेरेइदा माझ्याकडे बघते! बघतच बसले. राजमा करपून कोळसा झाला.

७ मार्च
जावई आला. एफ्राइन बिचारा एक दिवस चुकवत नाही. येताना पाव आणतो, काही कळलं का विचारतो, पोलिसांकडे माझ्यासोबत तासन्‌तास बसतो. चित्र दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आई, हे चुकलंय. तिचा डावा डोळा आता पुरता मिटत नाही."

कधीपासून? म्हणे नाताळात न्हाणीत पाय घसरला, तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही. नाताळात ती आलीच नव्हती. ताप आहे म्हणाली होती फोनवर.

पोटच्या पोरीचा डोळा मला माहीत नाही. कसली आई मी!

बसून डावी पापणी पुन्हा उसवली. तिसऱ्या प्रतीत अर्धीच ठेवली.

८ मार्च
चित्र सगळीकडे टाकलं. खाली दोन नंबर. एफ्राइन म्हणाला माझा आधी लिहा, तुम्हाला कमी ऐकू येतं. खरंच आहे ते.

१० मार्च
नव्वद हजार लोकांनी पाहिलं म्हणे. मला फोन आले तीन. एकीला असं चित्र तिच्या कुत्र्याचं करून हवंय. एकजण नुसता हसला, हरामखोर. तिसरा बोललाच नाही. ग्वादालुपेच्या माउली, नव्वद हजारांत मला एक माणूस दे गं! एकच. मी आणखी काही मागणार नाही.

११ मार्च
माउली पावली! एफ्राइनला एका बाईचा फोन आला. साल्तिल्योतल्या एका बेकरीत नवीन मुलगी लागलीय, डावा डोळा मिटत नाही. तोंड तेवढं नीट आठवत नव्हतं त्या बाईला, पण डोळ्यावरून ओळखलं! मी केलेल्या डोळ्यावरून!

मलाही ने म्हटलं. नको म्हणाला, आधी खात्री करतो. पहाटे पाचला निघतोय. नेरेइदाचा निळा स्वेटर दिला त्याच्याजवळ. कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद दिला. हात धरून रडले मी त्याचे.

१२ मार्च, साडेसात
चायो धावत आली. तिच्या फोनवर रात्री निरोप आलाय, तिने आत्ता ऐकला. आवाज नेरेइदाचा. "चायोमावशी, आईला सांग ते चित्र काढायला. मी घसरले नव्हते. त्याने मारलं. त्याला कळू देऊ नका मी कुठे आहे."

साल्तिल्यो तीन तासांवर. निरोप ज्या नंबरावरून आला, त्यावर चायो फोन लावतेय. फोन तिच्या हातात, म्हणून मी हे लिहितेय. वाजतोय.

उचलत नाही.