बारशासाठी वायर

मंगळवार, ११ मार्च
"काडेपेटीएवढ्या पोरीला मी नाव ठेवणार नाही!" — इति थोरले दीर, अटा ओकाई. माझ्या मुलाला, क्वेईला, नॉर्वेत लेक झाली. शनिवारी पहाटे आठवा दिवस. बारसं इथे, अक्रात, फोनवरून. पण अटांना फोनवर दिसत नाही, आणि पाहिल्याशिवाय ते बारशाच्या पाण्यात बोट बुडवणार नाहीत — त्या पाण्याच्या साक्षीने नाव घ्यायचं, खोटं बोलायचं नाही. पहिली मुलगी म्हणजे डेडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. उच्चारायचं मात्र घरातल्या थोरल्यानेच. नाहीतर नात बिननावाची!

तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडायचा. चाळीस वर्षं भूगोल शिकवला मी — वायरीला भिते की काय!

बुधवार, १२
सर्कल चौकातल्या बाजारातून वायर आणली. दोन्ही टोकं सारखी, लांबट-गोल. लॅपटॉपमध्ये बसली. टीव्हीला तसलं भोकच नाही! परत दुकानात. "मॅडम, टीव्हीला कसलं भोक आहे ते तुम्ही सांगितलंच नाही." म्हणजे चूक माझी! शेवटी अडॅप्टर दिला — एका अंगाला लांबट-गोल, दुसऱ्या अंगाला टीव्हीची रुंद एचडीएमआय.

गुरुवार, १३
सगळं बसलं. टीव्ही काळा ठिक्कर. दुकानदाराला फोन केला. "बसतं ते चालतं, मॅडम!" म्हटलं, ननचा झगा अंगात बसला म्हणून कोणी नन होत नाही, बाबा!

अटा दारातून विचारून गेले, "झालं का तुमच्या विजेचं?" मी वायर उपटून पुन्हा खोचली.

शुक्रवार, १४
दुरुस्तीवाली डझिफा आली. लॅपटॉपच्या कडेला भिंग लावलं आणि हसत सुटली. "आजी, ही दोन भोकं जुळी दिसतात. पण डाव्यातून फक्त चार्जिंग. चित्र उजव्यातून. बाजूची खूण बघा ना." खूण! मुंगीच्या पावलाएवढी! "मग दोन्ही सारखी का करतात?" — "ते बनवणाऱ्यांना विचारा." विचारणारच आहे. पत्राने.

उजव्यात घातलं, टीव्हीवर एचडीएमआय निवडलं, आणि कॅमेऱ्यातून माझाच चेहरा हातभर उमटला. केवढी म्हातारी झाले मी!

शनिवार, १५
टीव्ही अंगणात. चित्र लख्ख. अटांनी काचेला नाक लावून पोरीला पाहिलं. "कपाळ आपलंच!" पाण्यात बोट बुडवलं. "डे—"

"थांबा, अटा." क्वेईची मान खाली. सुनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाण्यावर खोटं नको," क्वेई म्हणाला. "कोर्को म्हणा."

कोर्को. दुसऱ्या मुलीचं नाव. म्हणजे क्वेईची पहिली आधीच झालेली!

अटांनी तेच उच्चारलं. मग टीव्ही बंद झाला, आणि तेव्हा कळलं — माझी डेडे कुठे आहे, हे मी विचारलंच नाही.